कानबाई ट्रॉलीत बसली तेव्हा

आमच्या घरात मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. एकदा भिंतीला आणि एकदा आमच्या ह्यांना. आता सवय झाली, पण त्या वर्षी सुरतेच्या डिंडोलीत आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा मला भारी राग यायचा. मीठ आणा म्हटलं की हे 'हो' म्हणायचे आणि रिकाम्या हाताने यायचे. मला वाटायचं, नवरा माजला. अकरा वर्षं संच्यावर काम करून माणसाचे कान जातात, हे मला डॉक्टरने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. पॉवरलूमला आमच्याकडे सगळे संचाच म्हणतात. एका शेडमध्ये तसले चाळीस-चाळीस खडखडत असतात, तिथे बोलणं हाताने चालतं. दोरा तुटला की एक खूण, चहा आला की दुसरी. सगळेच हाताने बोलतात म्हटल्यावर बहिरा कोण झाला ते कळायचं कसं?

डॉक्टर म्हणाला, गेलं ते काही परत येणार नाही, पण संचा सोडला तर उरलेलं टिकेल. ह्यांना ते ऐकू आलं नाही. मी रिक्षात परत सांगितलं तेव्हा हे बाहेरचा रस्ता बघत बसले.

संचा सोडून करायचं काय? गावाकडे ह्यांनी दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवलेला, तेवढीच एक विद्या. आणि देव पावला म्हणा, त्याच उन्हाळ्यात ह्यांच्या शेडच्या शेठने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणि दोन चाकांची ट्रॉली घेतली. नवागामच्या बाजूला शेठची दुसरी शेड होती. पावसाळ्यात तिथल्या रस्त्याचा नुसता राबडा व्हायचा, टेम्पो रुतून बसायचे. जीप मात्र चिखलातून बीम ओढून न्यायची. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, चार माणसांनी उचलायचा. जीपचा पहिला ड्रायव्हर मुलखात गेला तो गेलाच. शेठने ह्यांना विचारलं, आणि सांगितलं की श्रावण संपेपर्यंत चालवून दाखव. काही मोडलं-तोडलं नाही तर जीपचं काम तुझं, नाहीतर परत संच्यावर.

कानाचं शेठला माहीत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, सांगू नका. हे म्हणाले, विचारलं तर सांगीन. सत्यवान मिळाला होता मला.

पण एक सांगते, तसा ड्रायव्हर मी नंतर बघितला नाही. कानावर भरवसा नाही म्हणून हे डोळ्यांनी चालवायचे. सुरू करायच्या आधी जीपला एक पूर्ण प्रदक्षिणा. हुकाची पिन हलवून बघायची, साखळी ओढून बघायची, ट्रॉलीखाली वाकून कोणी कुत्रं निजलंय का ते बघायचं. सीटखाली दोन लाकडी ठोकळे, चढावर थांबलं तर चाकामागे लावायला. शेजारच्या बाया म्हणायच्या, तुमचे हे जीपची पूजा करतात का? मी म्हणायचे, माझी केली असती तर बरं झालं असतं.

रोज संध्याकाळी मला शिकवणी. लाटण्यावर पोळपाट आडवा ठेवायचा, ती ट्रॉली. कणकेचा गोळा म्हणजे माल. गोळा लाटण्याच्या पुढे ठेवला की पोळपाट पुढे टेकतो, म्हणजे ट्रॉलीची दांडी जीपवर नीट बसते. गोळा मागे ठेवला की पोळपाट मागे कलंडतो, म्हणजे दांडी जीपला मागून उचलते, आणि जीपची चाकं हवेत. हवेत चाक फिरलं काय न फिरलं काय, ब्रेकही धरत नाही. म्हणून जड माल नेहमी चाकाच्या पुढे, आणि ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही म्हणजे नाही. मी म्हणायचे, कळलं, आता पोळपाट सोडा, पोरं भुकेली आहेत.

श्रावणातला कानबाईचा सण आला. खानदेशातला माणूस सुरतेला येताना एक वेळ अंथरूण विसरेल, कानबाईला विसरणार नाही. नारळाला डोळे-नथ लावून, शालू नेसवून, चौरंगावर मांडून देवी बसवायची, सगळी भाऊबंदकी एका घरात रोट खायला जमते, आणि सोमवारी विसर्जन. गावाला नदी घरामागेच. इथे तापी कुठे, डिंडोली कुठे. दरवर्षी म्हातारी माणसं रिक्षात कोंबून नेताना नाकी नऊ यायचे. त्या वर्षी आमच्या चुलतसासूला जीप दिसली.

चुलतसासू म्हणजे भाऊबंदकीचं हायकोर्ट. देह दणकट, आवाज त्याहून दणकट. ह्यांनी नाही म्हटलं, ट्रॉलीत माणसं बसवत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तू माले शिकाडस का?" आणि सरळ शेडवर जाऊन शेठपुढे उभी राहिली. शेठ देवभोळा. माताजीच्या कामाला नाही म्हणायचं नसतं म्हणाला, जीप ने, ट्रॉली ने, मीही नदीवर दर्शनाला येतो. झालं. ह्यांच्या परीक्षेला परीक्षक स्वतः येणार, आणि तेही श्रावण अजून संपायचा असताना. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी हे म्हणाले, पाच म्हातारी माणसं, तेवढीच, आणि तीही बसून, उभं कोणी नाही. मी ह्यांच्या शेजारी बसायचं असं ठरलं. मागून कोणी ओरडलं तर ह्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमची सगळी युक्ती एवढीच होती.

सोमवारी सकाळी मी दारात आले तर ट्रॉलीत पाचाची सतरा झालेली. जो तो म्हणत होता, माझे गुडघे दुखतात. गुडघ्याची एवढी साथ मी कधी पाहिली नाही. हे बिचारे सांगत होते की निदान पुढे सरका, चाकाच्या पुढे बसा, मागे बसू नका. पण पुढे कोण बसणार? चुलतसासूने देवीचा चौरंग ट्रॉलीत अगदी पुढे, दांडीजवळ मांडला होता. देवी सगळ्यात पुढे पाहिजे, आणि तिच्या बरोबरीने कोणी बसायचं नाही, पाठ करायची नाही, पाय करायचे नाहीत. म्हणजे पुढच्या अर्ध्या ट्रॉलीत एक नारळ आणि मागच्या अर्ध्यात सतरा माणसं. त्यात सर्वांत शेवटी, फळीला टेकून, स्वतः चुलतसासू. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला होता. ह्यांनी हात जोडले, समजावलं, माझ्या स्वयंपाकघरातला पोळपाट मागवून दाखवतो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊबंदकीत त्यांना एकट्यालाच बहिरा म्हणायचे, पण त्या दिवशी ऐकू कोणालाच येत नव्हतं.

निघालो. सपाट रस्त्यावर हे बैलगाडीच्या चालीने नेत होते. पुढे डफ, मागे गाणी, आणि माझा हात ह्यांच्या गुडघ्यावर. मागून कुजबुज माझ्या कानावर येत होती. भर दिवसा, देवीच्या समोर, नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवून बसली बघा. एक जाऊ म्हणाली, सुरतेचं पाणी लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काढायचा कसा? तो हात म्हणजे त्यांचे कान होते.

नदीच्या आधी मातीचा बांध लागतो. चढ फार नाही, पण ओला. चढाच्या आधी ह्यांनी पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि हळूच जीप चढवली. ट्रॉली चढाला लागली तशी मागची सतरा माणसं आणखी मागे घसरली, आणि जीपचं बूड उचललं गेलं. अगदी पोळपाटासारखं. मागची चाकं नुसती भिरभिरायला लागली. मी एक थाप मारायची ती दहा मारल्या. ह्यांनी इंजिन बंद केलं, गिअर तसाच ठेवला, ब्रेक दाबून धरला. जीप पुढच्या दोन चाकांवर लटकून राहिली. हे मला म्हणाले, "ठोकळे. बाजूने लाव, ट्रॉलीच्या मागे उभी राहू नकोस."

नऊवारीचा काचा मारून मी उतरले. बाजूने वाकून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांमागे ठोकळे सारले. सतरा माणसं मागे, खाली उतार, आणि आमची सगळी कमाई दोन लाकडांवर टेकलेली. वर बघते तर बांधावर स्कूटर लावून शेठ उभा.

शेठ गुजरातीत ओरडत होता, थांब, हे काय करतोस. ऊभो रहे, गाडी बंद कर, आ शुं करे छे. हे उतरून ट्रॉलीखाली वाकले होते, पिन बघत होते. शेठने परत हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. हे काही मान वर करेनात. माझा जीव टांगणीला. मी ह्यांच्याकडे धावणार तेवढ्यात ट्रॉलीतून चुलतसासूचा दणदणीत आवाज आला, "त्याले ऐकू येत नही हो शेठ. आरडू नका."

महिनाभर जे झाकलं ते हिने एका वाक्यात बांधावर टांगलं. त्या बाईला मी त्या क्षणी तापीत ढकललं असतं. मला दिसत होतं की हे आता परत त्या शेडमध्ये जाणार, त्याच खडखडाटात, आणि एक दिवस मी ओरडून ओरडून मरेन तरी त्यांना माझा आवाज येणार नाही. मला रडू फुटलं ते तिथेच, चिखलात.

ह्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. ते सगळ्यांना हात करून उतरा म्हणत होते आणि कोणी उतरत नव्हतं. चुलतसासूचं म्हणणं, देवीबरोबर निघालेल्याने वाटेत देवीला सोडून उतरायचं नसतं. कुठल्या शास्त्रात आहे ते विचारू नका. आणि रडता रडताच माझं डोकं भडकलं. देवीला सोडायचं नसतं ना? बरं. मी ट्रॉलीच्या बाजूने चढले, चौरंग उचलला, डोक्यावर घेतला, खाली उतरले आणि बांध चढायला लागले. मागे वळून पाहिलं नाही.

देवी निघाल्यावर मागे कोण राहणार? एकेक जण उतरला. दुखरे गुडघे, ओली लुगडी, सगळे चिखलातून तरातरा माझ्यामागे. सर्वांत शेवटी चुलतसासू उतरली आणि जीपचं बूड धप्पकन खाली आलं. वर पोचेपर्यंत ती बया डफाच्या तालावर फुगडी घालत होती. ज्या गुडघ्यांसाठी एवढं रामायण झालं, ते गुडघे.

हे रिकामी ट्रॉली घेऊन सावकाश वर आले. प्रदक्षिणा घातली, खाली राहिलेले ठोकळे आणून सीटखाली ठेवले. मग शेठ त्यांच्याजवळ गेला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. मी देवी डोक्यावर घेऊन लांब उभी, डफ कानाशी वाजतोय, एक अक्षर कळत नव्हतं. हे मान हलवत होते. शेठ देवीला हात जोडून, नारळ चढवून स्कूटरवर बसून गेला. विसर्जन आटोपल्यावर मी ह्यांना गाठलं, काय म्हणाला शेठ? हे म्हणाले, "ऐकू नाही आलं. मी हो म्हटलं."

काय करू या माणसाचं? ठेवलं की काढलं, कोणाला ठाऊक. परत जाऊन विचारायची ह्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शेडवर गेले आणि मुकाट्याने आपल्या जुन्या संच्यापुढे जाऊन उभे राहिले. काढलं असेल तर निदान स्वतःहून आलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. दुपारी मी डबा घेऊन गेले तर शेठ दारातच माझ्यावर घसरला. तुझा नवरा वेडा आहे का? काल समोर मान हलवली, आज सकाळपासून मी जीपपाशी त्याची वाट बघतोय. त्याला सांगितलं होतं की बाजारात जाऊन जीपला दोन्ही बाजूंनी मोठे आरसे बसवून घे, कमी ऐकतोस तर बघायला तरी नीट पाहिजे. आणि माझ्या ट्रॉलीत परत माणूस दिसला तर तुम्हा दोघांना घालवीन.

मी शेठच्या पायाच पडणार होते, तो मागे सरकला. मी आत धावले. ह्यांना दंडाला धरून संच्यापासून बाजूला ओढलं, बाहेर उजेडात आणलं, आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ह्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. डबा हातात तसाच, आणि दोघांच्या डोळ्यांना धार.

आठवड्याने मी परत डबा द्यायला गेले. हे आरशांना फडका मारत होते. ह्यांच्या संच्यावर नवा माणूस लागला होता, माझ्याच माहेरच्या बाजूचा, दोन लेकरांचा बाप, नुकता गावाहून आलेला. मी आत जाऊन त्याला म्हटलं, भाऊ, कानात कापूस घालत जा. चाळीस संचे चालू होते. त्याने हसून कानामागे हात नेला आणि मान हलवून विचारलं, काय? मी पदराची दशी तोडून त्याच्या हातावर ठेवली, आणि तिचा बोळा कानात घालायचा, हे हाताच्या खुणेने दाखवलं.