कुनीची आलुबुखाराची माणसं

नाताळ बाजार बघायला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल मला चांगलं बोलता येत नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षं मी त्या बाजारात लेबकुखन विकतोय, म्हणजे मधाचे आणि मसाल्याचे केक. पोट याच पाहुण्यांवर चालतं, तरीही. छत्री उंच धरलेल्या बाईच्या मागून चाळीस जण येतात, हातात गरम वाइनचा मग, तोंडात तीन सॉसेज घातलेला पाव, भराभर फोटो काढतात आणि वीस मिनिटांत पुढच्या गावाला चालते होतात. पण माझा खरा राग त्यांच्यावर नाही. तो बाजार चालवणाऱ्या कचेरीवर आहे, आणि थोडासा, खरं तर बराचसा, माझ्या स्वतःवर.

माझ्या शेजारचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचा ठेला कुनिगुंडे डर्फ्लर हिचा. सगळे तिला कुनी म्हणायचे. वय शहात्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि तोंड असं फटकळ की बिअरची पिंपं घेऊन येणारे गाडीवालेही तिच्यापुढे गाडी मुकाट्याने मागे घ्यायचे. ती आलुबुखाराची माणसं करायची. जर्मनीतल्या आमच्या फ्रांकेन प्रांतात घराघरात असतात तसली. तारेचा सांगाडा, हातापायांना सुकवलेले आलुबुखार ओवलेले, पोटाला अंजीर, डोक्याला अक्रोड आणि त्यावर दोन ठिपके, एक रेघ, की झाला चेहरा. अंगावर चिंध्यांचे कपडे. कोणी धुराडी साफ करणारा, कोणी पोस्टमन, कोणी नवरी, कोणी बिशप.

आलुबुखार तिच्या भावाच्या, झेबाल्डच्या, झाडांचे. गावातला बेकर पाव काढून झाले की निवत चाललेल्या भट्टीत ते सुकवून द्यायचा. कुनी जानेवारीत बसायची ती नोव्हेंबरलाच उठायची. तिच्याआधी तिची आई हेच करायची, याच जागेवर. दोन रांगा पलीकडे एक महाशय साच्यातून काढलेली प्लास्टिकची माणसं विकतात, सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू. कुनीकडे दोन चेहरे सारखे सापडायचे नाहीत. एकदा तिने माझ्या बायकोचा चेहरा एका भांडखोर कोळिणीला दिला होता. ओळखायला कोणाला वेळ लागला नाही, आणि आमच्या घरी आठवडाभर अबोला होता.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा तो बाजाराचा दुसरा शनिवार. मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका धिप्पाड पाहुण्याने कुनीकडून नवरी विकत घेतली, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "हे खातात का?"

आता आमच्याकडची एक खोड सांगायला हवी. आम्ही थट्टा करताना हसत नाही. चेहरा जितका कोरडा, तितकी थट्टा खुमासदार. बाहेरच्या माणसाला ते कळत नाही हे आम्हाला ठाऊक असतं, तरी आम्ही सुधारत नाही. मी केक बांधता बांधता म्हणालो, "खातात की. डोक्यापासून सुरुवात करा."

आणि त्या गृहस्थाने केली! अक्रोडाचं डोकं, डिंक, तार, सगळं एका घासात. दात तुटला. तो ओरडला, छत्रीवाली ओरडली, चाळीस जणांनी फोटो काढले.

सोमवारी कचेरीतून हेर, म्हणजे श्रीयुत, एगलोफ आले. काखेत फाइल, पायात चकचकीत बूट.

"फ्राउ डर्फ्लर, हा खाद्यपदार्थ आहे की शोभेची वस्तू?"

"हा पोस्टमन आहे," कुनी म्हणाली.

"मी याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?"

"पोस्टात करा."

एगलोफ हसले नाहीत, आणि ते थट्टेने नव्हे. खाद्यपदार्थ असेल तर कधीपर्यंत खावा ती तारीख हवी, आत काय काय घातलंय त्याची यादी हवी, आणि तार अजिबात चालणार नाही. शोभेची वस्तू असेल तर पुढे कार्ड हवं: खाण्यास अयोग्य. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर ठेला बंद, आणि पुढच्या वर्षीपासून जागाही नाही.

"अयोग्य?" कुनीने पोस्टमनचा हात धरून तो त्यांच्या नाकासमोर नाचवला. "माझ्या भावाच्या झाडाचे आलुबुखार आहेत हे! चांगले खणखणीत! अयोग्य तुमची फाइल असेल."

"एक ओळ तर लिहायची आहे, बाई."

"खोटी ओळ आहे. मी लिहीत नसते."

जाता जाता एगलोफनी विचारलं, "त्या गृहस्थांना खायला सांगितलं कोणी?"

मी केकचे डबे नीट लावत होतो. ते आधीच नीट लागलेले होते.

"गर्दी होती," कुनी म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

तिला सगळं ऐकू आलं होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी डबे लावत राहिलो. असल्या भित्रेपणाला लोक समजूतदारपणा म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मंगळवारी सूप पिऊन मी तिच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात टेबलावर पक्कड, तारा आणि अर्धा झालेला बिशप.

"लिहून टाक ना, कुनी," मी म्हटलं. "कोण वाचतंय ती कार्डं? चव्वेचाळीस वर्षांची जागा घालवशील का एका ओळीपायी?"

तिने पक्कड खाली ठेवली. "हार्डी, सेहेचाळीसचा हिवाळा तुला माहीत नाही. तू जन्मला नव्हतास. बाप युद्धातून परतला नव्हता, शहर अर्धं दगडमाती, बाजार कुठला भरायला! आईकडे जुनी माणसं उरली होती, युद्धाच्या आधीची, खोक्यात गुंडाळलेली. सहा जानेवारीला तिने ती बाहेर काढली. हीच पक्कड. एकेकाची तार काढली, सरळ केली, बाजूला ठेवली. अक्रोड फोडले. फळं रात्रभर पाण्यात भिजवली. आम्ही पाच भावंडं. आई म्हणाली, ज्याने त्याने आपला माणूस निवडा. मी बेकर निवडला, मला वाटलं बेकर जास्त भरेल. झेबाल्ड तीन वर्षांचा, उभाही राहत नव्हता अशक्तपणाने. त्याला बिशप दिला, कारण बिशप सगळ्यांत जाडा. आई त्याला एकेक फळ चावून भरवत होती. आणि तो जगला, हार्डी. आज त्याचीच झाडं आहेत. आणि हा एगलोफ मला म्हणतो, लिही, खाण्यास अयोग्य!"

मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. तिने बिशप उचलला आणि त्याला दुसरा हात बसवायला घेतला. घरी परतताना मला स्वतःची इतकी चीड आली की बायकोने काय झालं विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो.

गुरुवारी नऊ वाजता आम्ही दोघं कचेरीत. मी आपणहून गेलो होतो, तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा. कुनीने मांडीवर पर्स घट्ट धरली होती आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं.

ती बोलायच्या आत मी म्हणालो, "हेर एगलोफ, खायला मी सांगितलं होतं. थट्टेने. हिची काही चूक नाही."

मला वाटलं होतं, आता प्रकरण मिटेल. एगलोफनी शांतपणे फाइलमधून दुसरा कागद काढला.

"म्हणजे पाहुण्याला चुकीची माहिती शेजारच्या ठेल्यावरून दिली गेली. मग हे दोन जागांचं प्रकरण झालं. कार्ड लागलं तर तक्रार इथेच संपते. नाही लागलं तर दोघांचीही फाइल वर जाईल, आणि वर गेली की जागा राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"याचा काय संबंध?" कुनी कडाडली. "तार माझी, फळं माझी!"

"थट्टा त्यांची," एगलोफ म्हणाले.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, जाऊ दे फाइल वर, कुनी, तू लिहू नकोस. एवढंच वाक्य. मी तोंड उघडलंही. पण डोळ्यांपुढे आलं भरून ठेवलेलं मधाचं पिंप, धाकटीची शाळा, नव्या भट्टीचा हप्ता. कुनी माझ्याकडे बघत होती. मी बराच वेळ तोंड उघडं ठेवलं आणि मग मिटलं.

तिने हात पुढे केला. "कार्ड द्या."

जुन्या शाळेतलं वळणदार अक्षर होतं तिचं. एकेक अक्षर तिने सावकाश काढलं. शाई वाळेपर्यंत थांबली. एगलोफ म्हणाले, "खाली सही," तर सहीही केली, पूर्ण नावाने. कुनिगुंडे डर्फ्लर.

आम्ही जिना उतरलो. दहाला बाजार उघडला. तिने ते कार्ड बिशपच्या पुढ्यात उभं केलं, आणि ते वाचावं लागू नये म्हणून स्वतः स्टूल फिरवून बाजूला बसली.

"कुनी," मी म्हटलं, "मी…"

"हार्डी," ती वर न बघता म्हणाली, "तुझ्यापुढे गिऱ्हाईक उभं आहे."

मी वळलो आणि काय हवंय ते विचारलं.