नकाशेबाईंनी सरळ केलेला बाण

नकाशेबाई चिडल्या की चष्मा काढायच्या, रुमालानं काचा खसाखसा पुसायच्या आणि पुन्हा नाकावर चढवायच्या. त्या सोमवारी सकाळी अकरापर्यंत काचा सात वेळा पुसून झाल्या होत्या, कारण ओढ्याकाठची अख्खी वस्ती समुद्रात जाऊन पडली होती.

खरीखुरी नाही, स्क्रीनवर. जुन्या ड्रॉइंगची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, पण त्या फाइलीला आपण पृथ्वीवर कुठं आहोत हेच ठाऊक नव्हतं. मग बाईंनी पुलाचा कोपरा धरून वस्ती ओढत ओढत जागेवर आणली. तोवर घरमालकांच्या नावांची प्रश्नचिन्हं झाली. नावं परत मिळवली, तर निम्मी घरं म्हणे घरंच नाहीत, कारण त्यांचा चौथा कोपरा मिटलेला नाही. दोनशे कोपरे! एकेक मिटवता मिटवता बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी नव्या उपग्रह-नकाशावरच्या ओढ्यापासून तीस मीटरचा पट्टा काढायला सांगितला, तर सॉफ्टवेअरनं मीटरऐवजी अक्षांश-रेखांशाचे अंश धरले आणि अर्धी पृथ्वी ओढ्याच्या पुरात बुडवली.

"बुडव, आणि तूही बूड त्यात," बाई स्क्रीनला म्हणाल्या.

बावीस वर्षं त्या या नकाशांच्या ऑफिसात होत्या. आल्या तेव्हा शाई, पेन आणि भलंमोठं टेबल होतं, आणि त्या टेबलावर ऑफिसचे थोरले ड्राफ्ट्समन राज्य करत होते. रेघ जरा हलली की ते कागद फाडायचे. बाईंचा एकही कागद त्यांना फाडता आला नाही, म्हणून त्यांनी घरी जाऊन मुलाला सांगितलं, "त्या पोरीची रेघ बघून ये." मुलानं काही रेघ बघितली नाही, पण लग्न झालं. तेव्हापासून ऑफिसातले साहेब घरचे सासरे झाले, आणि बाईंना दोन्हीकडे तीच बोलणी मिळू लागली. आता ते निवृत्त होऊन घरी खुर्चीत बसायचे आणि भाजी कापली तरी फोडी समान नाहीत म्हणून कुरकुरायचे.

सध्याचे साहेब वेगळे. त्यांना रेघेशी देणंघेणं नव्हतं, यादीशी होतं. पुराचा धोका म्हणून ओढ्यापासून तीस मीटरच्या आतली घरं रिकामी करायची, असं वरून ठरलं होतं. यादी चारच्या आत वर जाणार, उद्या दारांवर नोटिसा लागणार. दुपारी एकला बाईंनी यादी काढली. एकेचाळीस घरं.

"झालं ना? द्या," साहेब म्हणाले.

"तपासते एकदा."

"काय तपासता? मशीननं काढलीय."

"मशीननं सकाळी वस्ती समुद्रात टाकली होती, साहेब."

तेवढ्यात दारात शिंपी उभा राहिला. हा गेला आठवडाभर रोज येत होता. पाहणीवाल्यांनी नुसत्या अंदाजानं त्याच्या भिंतीवर लाल खूण केली तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. दुकान पुढं, बिऱ्हाड मागं. घर गेलं की दोन्ही गेलं.

"बाई, माझं घर यादीत आहे?"

"आहे. बावीस मीटर."

"अठ्ठेचाळीस! बत्तीस वेळा टेप टाकली मी, दीड मीटरची. माझ्या टेपेनं लोकांचे कोट बसतात, बाई. एका बोटाचा फरक झाला तर गिऱ्हाईक अंगावर येतं. तुमचा सव्वीस मीटरचा फरक कुणाच्या अंगावर जायचा?"

"अहो, मला का ओरडताय? मी ओढा हलवलाय का?"

"मग घर हलवलंय!"

बाईंनी आठव्यांदा चष्मा पुसला. आता हा कोट शिवणारा माणूस मोजणी शिकवणार! पण त्याच्या हातात वही होती. ती त्यानं टेबलावर आपटली. आपल्या ओळीतल्या सगळ्या घरांपासून ओढ्यापर्यंत त्यानं टेप टाकली होती. शेजारी हसले असतील, कुत्री मागं लागली असतील, पण गडी पुलापासून शेवटपर्यंत गेला होता.

चिडूनच बाईंनी वही ओढली. याची एक तरी चूक दाखवायची आणि याला घरी पाठवायचं. पुलाजवळचं पहिलं घर: टेप छत्तीस, कॉम्प्युटर पस्तीस. ठीक. मधलं घर: टेप चाळीस, कॉम्प्युटर सत्तावीस. शिंप्याचं, खाली टोकाला: अठ्ठेचाळीस आणि बावीस.

एक, तेरा, सव्वीस.

माणूस मोजायला चुकतो तेव्हा असा शिस्तीत चुकत नाही. बाईंनी वस्ती सव्वीस मीटर सरकवून पाहिली. खालची घरं जागेवर आली आणि पुलाजवळची रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. परत सरकवली. वरचं बसलं की खालचं उसवायचं.

"एका खांद्याला बसतोय, दुसऱ्याला नाही," शिंपी मान वाकडी करून म्हणाला. "कापडच तिरकं कापलंय, बाई."

बाईंनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, कारण त्याचं बरोबर होतं. वस्ती सरकली नव्हती, फिरली होती. त्यांनी घरी फोन लावला.

"बाबा, ओढ्याकाठचा नकाशा तुम्ही काढलेला. सरळ होता का?"

"सूनबाई, माझे सगळे नकाशे सरळ असतात."

"खरं सांगा. मला चारच्या आत यादी द्यायचीय."

सासरे खाकरले. "वस्ती लांबट. एका कागदात मावेना. दुसरा कागद कोण देणार? मग थोडी फिरवली. पण चोरून नाही हं. उत्तरेचा बाण त्याच मापानं तिरका काढला. बाण बघायचा असतो, हे तुला शंभरदा सांगितलंय."

बाईंनी खालचा मोठा खण उपसला. शिंप्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. मूळ कागद टेबलावर उलगडला आणि कोपऱ्यात सासऱ्यांचा बाण दिसला, नीट, शाईनं, अडीच अंश कललेला. मग त्यांनी कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग उघडलं. तिथं बाण ताठ उभा होता, म्हणजे कागदाची वरची बाजूच उत्तर धरली गेली होती. त्याच्या खाली हे ड्रॉइंग उतरवून घेणाऱ्याची सही होती, बाईंची स्वतःची, अठरा वर्षांपूर्वीची.

त्यांना सगळं आठवलं. कॉम्प्युटर नवा नवा आला होता. त्यात तयार बाण मिळायचे, सुबक, काळेभोर. सासऱ्यांचा तो कललेला बाण त्यांना म्हाताऱ्याच्या हातानं हललेला वाटला. आपण सरळ केला. कुणाला सांगितलंही नाही. उलट वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याची एक चूक झाकली.

"काय झालं?" शिंप्यानं विचारलं.

"काही नाही. मी एक बावळट बाई आहे, एवढंच."

पुलाचा कोपरा धरून त्यांनी वस्ती अडीच अंश फिरवली. घरं आपापल्या जागी गेली. शाळेची भिंत बसली, पाण्याची टाकी बसली. पट्टा पुन्हा काढला. शिंपी अठ्ठेचाळीसवर सुटला. तो खुर्चीत मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला. एकेचाळीसातली एकोणतीस घरं सुटली होती. पण पलीकडच्या काठाची अकरा घरं आत आली होती. त्यांना कुणी लाल खूण केली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. जुनी यादी गेली असती तर ती माणसं पुराच्या तोंडी निवांत झोपली असती.

साहेब घड्याळाकडं बघत आले. "पावणेचार. आता यादी बदलायची नाही. मी वर आकडा सांगून बसलोय."

"आकडा चुकलाय."

"कुणाची चूक?"

बाईंनी मूळ कागद त्यांच्यापुढं सरकवला. "माझी. बाण मी सरळ केला. लिहून देते, पण जुनी यादी माझ्या सहीनं जाणार नाही."

"बाई, तुम्ही माझ्या डोक्यावर मिरे वाटताय!"

"आणि त्या अकरा घरांत पाणी शिरलं की लोक कुणाच्या डोक्यावर वाटतील?"

साहेब शिंप्याकडं वळले. "हे कोण?"

"मोजणीला होते," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टेबलाला लाथ मारल्यासारखं केलं, मारली नाही. मग फोन उचलून वर कुणाशी तरी दहा मिनिटं अजिजी केली आणि गुरुवारपर्यंत मुदत मिळवली, तीही अशी, की जणू बाईंनी त्यांचं आयुष्यच मागितलं होतं. शिंपी केव्हा उठून गेला ते कळलंच नाही. आभार वगैरे काही नाही.

घरी सासरे वाट बघत होते. "बाण कललेला होता ना?" बाई म्हणाल्या, "होता. जेवून घ्या." त्या रात्री त्यांनी फोडींवरून एक शब्द ऐकून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला ऑफिसच्या व्हरांड्यात दंगल उसळल्यासारखा आवाज होता. शिंप्यानं जाताजाता पलीकडच्या काठाला खबर दिली होती. अकराच्या अकरा घरची माणसं आली होती. कुणी सुतळीला गाठी मारून मोजलं होतं, कुणी पावलांनी. एका म्हातारीनं काठीनं मोजून आणलं होतं. सगळी एकदम बोलत होती आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, नकाशा चुकलाय.

बाईंनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत घातला.

"ओरडू नका. एकेकानं बोला. आणि आधी हे सांगा, ओढ्याचा काठ तुम्ही कुठनं धरला? पाण्यापासनं, की दरडीच्या कडेपासनं?"

अर्ध्यांनी पाणी सांगितलं, अर्ध्यांनी कड. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या आणि पायतणं घालून ओढ्याकडं निघाल्या. अकराही घरची माणसं त्यांच्या मागं, वाटेत भांडतच.