नऊ नंबरच्या कॉटजवळचं स्टूल

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. सतरा वर्षं नर्सिंग केलंय. ज्या कॉटवर सकाळी माणूस गेलं, तिथेच दुपारी चादर बदलून दुसरा पेशंट घेतलाय. गेलेल्यांपैकी कुणी कधी माझा हात धरला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय...

दोन वर्षांची रजा काढून मी एम.एस्सी. नर्सिंगला बसले होते. शेवटचं प्रॅक्टिकल रत्नागिरीत, माझ्याच जुन्या हॉस्पिटलात – बायकांचा सर्जिकल वॉर्ड, वीस कॉट. सहा आठवडे इन्चार्ज म्हणून वॉर्ड चालवायचा, त्यात एक 'बदल' घडवायचा आणि तो परीक्षकांपुढे मांडायचा. कॉलेजातल्या मॅडम म्हणायच्या, "तुम्ही आता नुसत्या सिस्टर नाही, चेंज एजंट आहात." एजंट म्हटलं की मला विमाच आठवायचा.

वॉर्डात एक लोखंडी स्टूल होतं, हिरवा रंग उडालेलं. जिच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, तिच्या कॉटशी ते सकाळी ठेवलेलं असायचं. जाता-येता आम्ही तिथे दोन मिनिटं टेकायचो. जुन्या इन्चार्ज सुर्वे सिस्टर ते ठेवतात, असं सगळ्या धरून चालायच्या. त्या रिटायर झाल्या, तरी प्रथा चालूच राहिली. कोण ठेवतं, हे कुणी विचारलं नाही.

मी स्टूल बंद केलं आणि स्कोअरचा तक्ता आणला. नाडी, बीपी, श्वास, ताप मोजा, आकडा मांडा. आकडा वाढला तरच डॉक्टरांना फोन. स्लाइडवर लिहिलं – 'निरीक्षणातील व्यक्तिनिष्ठता दूर करणे'. स्टूल चादरींच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

परीक्षेच्या दिवशी साडेअकराला स्टूल नऊ नंबरजवळ! तिथे नाटे गावच्या, मासे विकणाऱ्या एक काकी होत्या. होडीच्या गंजक्या खिळ्याने पाय फाटलेला, दाखवायला आठवड्याने आलेल्या. स्कोअर शून्य.

"लतामावशी, हे कुणी काढलं?"

आमच्या वॉर्डच्या आया, लतामावशी, फडकं पिळत म्हणाल्या, "मी कशाला काढू? किल्ली तुमच्याकडं. तुम्हीच आणलंत असंल, परीक्षेच्या गडबडीत."

मी ते स्वतः परत कोंडलं. साडेबाराला जेवण आलं, तर स्टूल पुन्हा नऊ नंबरशी. किल्ली खिशातच. कुणीतरी माझी फजिती करायला टपलंय, अशी खात्रीच झाली. तीनला परीक्षक येणार होते. उचलायला वाकले, पण पाय इतके भरून आले होते की... टेकले.

टेकल्यावर दिसलं. काकींनी भाकरी बाजूला सारली होती आणि दात न उघडता नुसती पेज ओढत होत्या.

"काकी, भाकरी का नाही खाल्लीत?"

"जबडा धरलाय गो बाय. दाताचं असंल. तू जा, तुझी परीक्षा हाय ना?"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"सकाळधरनं तीनदा लादी पुसली. आणि काय असणार?"

मी त्यांना हनुवटी छातीला टेकवायला सांगितली. मान वाकेना. नाडी, बीपी, ताप पुन्हा मोजलं – स्कोअर शून्यच. माझ्याच नियमाने फोन करायचा नव्हता. केला.

"स्कोअर किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"शून्य. तरी या. आत्ता."

धनुर्वात होता. काकींना लगेच आयसीयूत हलवलं. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. महिन्याभराने काकी आपल्या पायांनी नाट्याला गेल्या.

परीक्षकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "स्टूल ठेवलं कुणी?"

"माहीत नाही, सर."

"मग रिपोर्टमध्ये घालू नका." पास केलं.

त्या रविवारी पूर्णगडला राहणाऱ्या सुर्वे सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, तुमच्या वेळी स्टूल तुम्हीच ठेवायचात ना?"

त्या म्हणाल्या, "मी? मला वाटायचं, तुम्ही पोरी ठेवता. मी आपली दिसेल तिथे बसायचे."

आता मी त्याच वॉर्डची इन्चार्ज आहे. तक्ता आहे, त्यात 'जेवते का, बोलते का' ही ओळ वाढवलीय. त्या खोलीची दुसरी किल्ली असणारच, असं मी अजून म्हणते. सापडलेली मात्र नाही. सकाळी आले की आधी स्टूल कुठे आहे ते बघते, आणि जाऊन बसते.