केशरी बुटांचा हंगाम

साक्षीदाराला सुटी नसते. डोळ्यांसमोर जे घडतं त्याचं ओझं पाहणाऱ्यावर येतं, आणि एकदा आलं की ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवता येत नाही. मी एक अख्खा हंगाम साक्षीदार होते. जे पाहिलं ते असं: मेक्सिकोतल्या खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉल लीगमधल्या एका संघाचे सगळे सामने, तीन आठवडे शिळे, भोपाळच्या रायसेन रोडवर, आनंद नगरमध्ये टाइल्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून.

काम समजायला सोपं होतं. सामन्याचं चित्रीकरण संगणकावर यायचं. चेंडूला पाय लागला की चित्र थांबवायचं आणि चार गोष्टी भरायच्या: कुणी मारला, कुठून, कुठे, आणि पोहोचला का. मग पुढे. नव्वद मिनिटांच्या सामन्याला दोन दिवस लागत. हे आकडे पुढे कुणीतरी विकत घेई. कोण आणि कशासाठी, हे आम्हाला सांगण्याची पद्धत नव्हती.

मी मूळची प्रूफरीडर. अठरा वर्षं एका प्रकाशकाकडे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मग त्याने पुस्तकं छापणं बंद केलं आणि त्याच जागेत लग्नपत्रिका छापू लागला, ज्यात चुका काढलेल्या कुणाला आवडत नाहीत. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं सांगितलं, तर मालक म्हणाले, "बहुत अच्छा. जिनको समझता है वो मैच देखने लग जाते हैं."

रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका कंपनीकडे जमा कराव्या लागल्या. माझी ग्रंथालयशास्त्राची पदवीही त्यात गेली. एक हंगाम पूर्ण करायचा आणि तो तपासणीत पास व्हायला हवा, मग कागद परत. तोवर ते मालकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. शंभर नोंदींमागे दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या की हंगाम 'अपूर्ण', आणि पुढचाही हंगाम करायचा. मी सही केली. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला अशा अटी नव्या वाटत नाहीत. राजधानी हलली तेव्हा माझ्या नवऱ्याचे आजोबा नागपूरहून कचेरीच्या फायलींबरोबर भोपाळला आले आणि फायलींसारखेच इथे राहिले. आता नवराही सचिवालयात आहे.

पहिल्या दिवशी मालकांनी दीप लावून भाषण केलं. "आप लोग आँकड़े नहीं भर रहे, इतिहास लिख रहे हैं." मग समोसे आले. इतिहास लिहिणाऱ्यांना माणशी एक.

माझ्या वाट्याला आलेला संघ पिवळा शर्ट घालायचा आणि त्यावर पांढरे आकडे होते. असा निर्णय फक्त एखादी समितीच घेऊ शकते. कॅमेरा एकच, एका बाजूला, उंचावर, बहुधा पाण्याच्या टाकीवर. तिथून पाठीवरचा आकडा म्हणजे पांढुरका डाग दिसायचा. कुत्रं मैदानात आलं की खेळ थांबल्याची नोंद करायची. कुत्र्यासाठी वेगळं बटण नव्हतं, 'हवामान' दाबायचो. आणि सामना बरोबरीत सुटला तरी सुटका नसे. त्या लीगमध्ये बरोबरीनंतर पेनल्टी मारून एक जादा गुण कुणाचा ते ठरवतात. दोन दिवस संपत आले, शून्य-शून्य झालं, आता उठावं म्हणावं, तर अकरा मीटरवर चेंडू ठेवून कुणीतरी उभा. माझ्या संघाला बरोबरीची फार आवड होती.

आमचा टीम लीडर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोटरा सुल्तानाबादहून स्कूटरवर येणारा पंचविशीतला मुलगा होता. कामाचं मर्म त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"दीदी, नंबर मत देखो. नंबर धोखा है. जूते देखो, चाल देखो."

सामन्याआधी अकरा जणांची यादी यायची. त्यातले आकडे मैदानावरच्या पायांना जोडायचे, एवढंच. गोलरक्षक सोपा. डावीकडच्या बचावपटूचा एक मोजा कायम खाली घसरलेला. मध्यभागी दोघे होते, सहा नंबर आणि सोळा नंबर, सारख्याच उंचीचे, सारखेच बारीक, सारखेच केस कापलेले. पहिल्या सामन्याच्या सुरुवातीला कॅमेरा क्षणभर जवळ गेला तेव्हा सोळाच्या पायात झगझगीत केशरी बूट दिसले, सहाच्या पायात काळे. मला आनंद झाला. केशरी म्हणजे सोळा. वहीत लिहून ठेवलं आणि हंगामभर त्या वहीला जागले.

सोळा नंबर चांगला खेळायचा. मला खेळ कळत नसला तरी 'पोहोचला' हे बटण कुणासाठी जास्त दाबलं जातं ते कळत होतं. सहा नंबर घसरायचा, त्याचे पास भरकटायचे. मी त्याच्यावर जरा नाराज असायचे. आठ महिने एखाद्याला रोज पाहिलं की नातेवाइकासारखा राग यायला लागतो.

मे महिना आला. खोलीतला कूलर दमट हवा फेकायचा आणि पडद्यावर मेक्सिकोतलं कोरडं मैदान. मी दोन्हीकडून उकडत होते. त्याच सुमारास एका शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली. मुलाखत झाली, निवडही झाली. फक्त मूळ कागद दाखवायचे होते, जूनच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत. नाही दाखवले तर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार. माझे दोन सामने उरले होते. तपासणीत मी आतापर्यंत स्वच्छ होते. तपासणारेही बूटच पाहत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मुलाखतीच्या दिवशी पाहिलेल्या शाळेच्या वाचनालयात कपाटं होती, एक खिडकी होती, आणि पुस्तकं जिथे ठेवली तिथेच राहतात. घरी कॅलेंडरवर तो शनिवार मी रोज पाहायचे.

तेवढ्यात टीम लीडर खुर्ची सरकवत आला.

"दीदी, मुबारक हो. आपका सोलह नंबर चल पड़ा."

"कहाँ चल पड़ा?"

"ऊपर वाली डिव्हिजन के किसी क्लब ने रिपोर्ट माँगी है उसकी. पूरे सीज़न की."

"मेरा कब से हुआ वो?"

"आपने ही तो बनाया है उसको, दीदी."

म्हणून पुढचा सामना मी जरा डोळे उघडे ठेवून पाहिला. मध्यंतराचं चित्रीकरण आम्ही नेहमी पळवत पुढे नेतो, कारण चेंडूला पाय लागत नाही. त्या दिवशी पळवलं नाही. दोघे पिवळे शर्ट चालत अगदी कॅमेऱ्याखाली आले आणि रेषेवर बसले. केशरी बूटवाल्याने बूट काढले. दुसऱ्याने काळे काढले. दोघांनी बूट बदलले, नाड्या बांधल्या, एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघे उठले. पाठमोरे झाले तेव्हा आकडे पहिल्यांदाच स्वच्छ दिसले. केशरी बूट आता सहा नंबरच्या पायात होते.

चांगले बूट एकच जोडी. अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी.

मी मागचे चार सामने काढले आणि मध्यंतरं पाहिली. तीनमध्ये अदलाबदल झाली होती, एकात नव्हती. म्हणजे सरसकट उलटवूनही भागणार नव्हतं. हंगामभराचे सगळे उत्तरार्ध पुन्हा पाहावे लागणार होते. टीम लीडरला बोलावून रेषेवरचा प्रसंग दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला, मग मागे वळून दार पाहिलं.

"दीदी, ये आपने देखा ही नहीं."

"देखा है."

"तो भूल जाओ. वहाँ से कोई आएगा क्या रायसेन रोड पे पूछने?"

"और छह नंबर?"

"छह नंबर को कौन सा पता है कि वो आपकी कॉपी में रहता है. आप अपनी मार्कशीट का सोचो. सुधार डालोगे तो हर सुधार गलती गिना जाएगा. सीज़न गया आपका."

ते खरं होतं. नियमाच्या लेखी सापडलेली चूक आणि कबूल केलेली चूक यांत फरक नव्हता. फरक फक्त कबूल न केलेल्या चुकीत होता. ती चूक नव्हतीच.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आंबा चिरत होता.

"तुला कुणी विचारलं का?"

"नाही."

"मग उत्तर द्यायचं कशाला? आमच्याकडं न विचारलेल्याचं उत्तर देणाऱ्याची बदली झाबुआला होते."

"पण चूक आहे ना."

"मग एक टिपण्णी लाव. चूक निदर्शनास आली, कार्यवाही अपेक्षित. चूक नोंदीवर आली, कुणी दोषी नाही, फाईल पुढं गेली. मी एकतीस वर्षं असंच करतो आहे."

तो मला धीर देण्यासाठी म्हणाला होता. नंतर कोय ताटात ठेवून बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला. "घे, फोड घे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टिपण्णीचा प्रयत्न केला. शेरा लिहायची चौकट तीस अक्षरांची होती. दोन माणसांची अदलाबदल तीस अक्षरांत मावेना. शेवटी जे उरलं त्याचा अर्थ सोळा नंबरने बूट चोरले असा होत होता. मी ते पुसलं.

मग जे केलं त्याला प्रामाणिकपणा म्हणण्याची माझी तयारी नाही. अठरा वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला छापून गेलेली चूक दिसली की हात शिवशिवतात, तसे ते शिवशिवले. शिवाय भलत्याच माणसावर आठ महिने नाराज राहिल्याचा थोडा संताप होता. मी मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते लोखंडी कपाट त्यांच्या मागेच होतं, त्यामुळे बोलताना मी अर्धा वेळ कपाटाशीच बोलत होते.

मालक खूश झाले. मी रागाची तयारी करून गेले होते, खुशीची नव्हती. "यही तो हमारी संस्था के संस्कार हैं," म्हणाले. मग म्हणाले की गुणवत्तेशी तडजोड नाही, त्यामुळे हंगाम अर्थातच अपूर्ण धरावा लागेल.

"सर, मला शनिवारपर्यंत कागद हवे होते. फक्त दाखवायला. लगेच आणून देते." मी हे हिंदीत विचारलं होतं, पण आठवताना ते मराठीतच आठवतं. विनवणी माणूस बहुधा मातृभाषेतच करतो.

"नियम आप जैसे लोगों की वजह से ही तो ज़िंदा हैं," ते म्हणाले.

शाळेत फोन करून मुदत वाढवून मागितली. तिथल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी खेद व्यक्त केला आणि सोमवारी पुढच्या बाईंना बोलावलं.

सगळा जून उत्तरार्ध पाहण्यात गेला. आधी मध्यंतर पाहायचं, मग नावं बदलायची, मग एकेक पास पुन्हा. सामन्यांचे निकाल माहीत होते, कोण कुठे घसरणार तेही माहीत होतं. तरी एका पेनल्टीच्या वेळी मी खुर्चीच्या कडेवर आले होते, आणि ती चुकणार हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. टीम लीडर जाता-येता चहा ठेवून जायचा. "दीदी, ये सज़ा तो अदालत भी नहीं देती," म्हणायचा. एकदा म्हणाला, "हमारी कॉलोनी में भी दो भाई एक ही हेलमेट से चलाते थे. चालान हमेशा बड़े वाले का कटता था." आणि त्याने स्वतःचे दोन सामने बाजूला ठेवून माझी तीन मध्यंतरं तपासून दिली.

दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा दोघांचे आकडे शेजारी लावले. जवळजवळ सारखे होते. केशरी बुटात दोघेही चांगले खेळत, काळ्या बुटात दोघेही घसरत. आठ महिने मी एका बुटाच्या जोडीचं चरित्र लिहीत होते. नवा अहवाल वर गेला आणि वरच्या क्लबाने कळवलं की सध्या विचार नाही. सहा नंबरला त्याचं श्रेय मिळालं, सोळा नंबरची संधी गेली, आणि दोघांपैकी कुणालाही यातलं काही कळलं नसणार. हे मी न्याय म्हणून मांडू शकत नाही. मांडून पाहिलं, जमलं नाही.

जुलैत मालकांनी छोटा समारंभ केला. पुन्हा दीप, पुन्हा समोसे. मला शाल आणि सत्यनिष्ठेचं सन्मानपत्र दिलं. फोटो काढून झाल्यावर त्यांनी ते हळूच परत घेतलं, मूळ प्रत कार्यालयात राहील म्हणाले, आणि मला झेरॉक्स दिली. शाल मात्र घरी न्यायला दिली. भोपाळच्या जुलैत.

नव्या हंगामाची वाटणी झाली तेव्हा मी तोच संघ मागितला. निदान पाय तरी ओळखीचे. टीम लीडर म्हणाला, तो संघ आता नाही. क्लबाने लीगमधली आपली जागा दुसऱ्या गावाला विकली, खेळाडू पांगले. आता त्या गावाचा संघ माझ्याकडे आला आहे. त्यांचे शर्ट गडद निळे आहेत, आकडे मोठे आणि ठळक, दुरूनही वाचता येतात. कॅमेऱ्यासमोर एक झाड आहे.