आधी काठी

अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्या बेसमेंटमध्ये शनिवारी दुपारी टेबलावर फासे टाकून राक्षस मारायचा खेळ चालायचा. आमचा एक सावध मित्रही यायचा. खेळातल्या तलवारी उपसून आम्ही खेळातल्या गुहेत घुसायला निघालो, की हा हात वर करायचा. “थांबा यार, आधी काठीनं जमीन ठोकून बघतो. खाली खड्डा असला तर?” खोटी काठी, खोटी जमीन आणि आमचा खरा वैताग. हिवाळ्यात आमच्या घरासमोरच्या निसरड्या ड्राइव्हवेवरसुद्धा तो खरोखरची काठी ठोकत ठोकत यायचा.

त्या खेळावरचा स्वस्तातला सिनेमा डीव्हीडीवर आला, तेव्हा आम्ही तो खिल्ली उडवण्यासाठीच लावला. विग घसरत होते, ड्रॅगन उघड उघड रबराचा होता. हा मात्र सोफ्याच्या कडेला बसून गंभीरपणे बघत होता. नायकाची टोळी बोगद्याशी आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या योद्ध्यानं सगळ्यांना अडवलं, पाठीवरची लांब काठी काढली आणि जमीन ठोकली. पुढची फरशी धाडकन खाली गेली.

आम्ही ओरडतच उभे राहिलो. कुणी उशा उडवल्या, कुणी त्याला मिठी मारली. तो तेवढा बसून होता. चष्मा पुसत म्हणाला, “मागे घे जरा. परत बघू.”

परत बघितलं. मग आणखी एकदा, फक्त ओरडण्यासाठी.

सगळे निघाले तेव्हा बाहेर बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. त्यानं दाराशी ठेवलेली काठी उचलली, ठोकली, पाऊल टाकलं. आम्ही सगळे त्याच्यामागे रांगेत उभे राहिलो.

मागे न बघताच तो म्हणाला, “या.”