टीव्हीतली मॅडम

माझ्या मेल्या मनाला एक खोड आहे. बदलीच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे दिवस आले की त्याला समुद्रपूरच्या पलीकडचं एकच गाव दिसतं. वर्गाच्या खिडकीतून थेट पऱ्हाटी दिसायची तिथे, आणि कापूस फुटला की फळ्याकडे बघायला पोरं तयार नसायची. त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी कितीतरी वर्षं काढली. आता सेलूजवळ आहे. शाळा रस्त्यालगत, घर जवळ, सगळं सोयीचं. बहिणी म्हणतात, नशीब काढलंस बाई. काढलं म्हणे!

तिकडे आम्ही शिक्षक दोघं आणि वर्ग चार. मी तिसरीला शिकवत असले की चौथी नुसती बसलेली, आणि बसलेली पोरं काय करतात ते सांगायला नको. गावाने वर्गणी करून मोठा टीव्ही आणला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. नेटवर धड्यांचे व्हिडिओ ढिगाने होते. पण त्यातली बाई इतकं गोड गोड बोलायची, की आमची पोरं तिची नक्कल करून पोट धरून हसायची. शेवटी वैतागून मीच मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवला आणि समोर उभी राहिले. मग एका वर्गाला मी शिकवायचे आणि दुसऱ्याला टीव्हीतली मी.

माझी एक रीत होती. पुस्तक उघडायच्या आधी विचारायचं, "काय खाऊन आले रे आज?" कोणी सांगायचं भाकर-ठेचा, कोणी कालचा भात, एखादा लबाड रोजच जिलेबी खाऊन यायचा. सगळ्यांचं ऐकून मी म्हणायचे, "वा, छान!" आणि धडा सुरू व्हायचा. व्हिडिओतही तेच ठेवलं. तेव्हा वर्गात एक फार सावकाश बोलणारी पोरगी होती. तिचं वाक्य पुरं होईल इतका वेळ मी मोबाइलसमोर गप्प राहायचे, मगच "वा, छान!" म्हणायचे. घरी रेकॉर्डिंग करताना नवरा डोकावून म्हणायचा, "कोनासंग बोलून राह्यली वो?" त्याला काय सांगणार, कपाळ!

बदली झाली तेव्हा सगळे धडे पेनड्राइव्हमध्ये भरून टीव्हीला लावून आले. पोरं रडली, मीही एसटीत बसून हमसून हमसून रडले. लाज वाटली नाही.

यंदा निवृत्तीआधीची शेवटची संधी होती. मोठ्या आशेने पोर्टल उघडलं, तर रिकाम्या जागांच्या यादीत ते गाव नव्हतंच. पोरांचा पट घसरला म्हणून शिक्षकाचं दुसरं पद गेलं होतं आणि माझ्याबरोबरचे सर एकटेच चारही वर्ग ओढत होते. म्हटलं, शाळा समितीने पद परत मागणारा ठराव केला तर वर निदान बोलता तरी येईल. रजा टाकली आणि सकाळची गाडी धरली.

समितीचे अध्यक्ष शाळेच्या फाटकातच भेटले. माझ्याच हाताखाली शिकून गेलेल्या दोन लेकींचे बाप.

"जयभीम मॅडम! या, या. लय दिवसानं."

मी आल्या आल्या विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "ठराव कायले पायजे मॅडम? पोरायले तुमची कमी जानवतच नाई. तुमी हायच ना टीव्हीत. तपासनीले साहेब आलते, खुश होऊन गेले."

माणूस मनापासून कौतुक करत होता हो! पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. ज्या टीव्हीसाठी घसा कोरडा केला, त्यानेच माझी खुर्ची घ्यावी? म्हटलं, आलेच आहे तर वर्ग बघून जाते.

सर पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरीला शिकवत होते. इकडे तिसरी-चौथीची पोरं टीव्हीपुढे मांडी घालून बसलेली. मला त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. पडद्यावर मी, जुन्या निळ्या साडीत, केस अजून काळे. "काय खाऊन आले रे आज?" पडद्यावरची मी गप्प झाले आणि पोरं एकदम गलका करून सांगायला लागली. मी दारात उभी. मग टीव्ही म्हणाला, "वा, छान!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोरीने मागे वळून पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा टीव्हीकडे. उठून जवळ आली आणि माझा पदर चिमटीत धरून पाहिला.

"मॅडम, तुमाले आयकू येते?"

"येते ना गं. काऊन?"

"मंग मी रोज सांगते तुमाले. माय अंधारातच जाते कापूस वेचाले. मी काईच नाई खाऊन येत. तुमी म्हनता, वा, छान."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. खरंच कळत नव्हतं तिला. मी तिला पोटाशी धरलं, दुसरं काय करणार! मागे उभ्या अध्यक्षांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

त्या दिवसापासून सरांच्या कपाटात फुटाण्यांचा डबा असतो. ठराव झाला, वर गेला, पद काही आलं नाही. मी इथेच आहे, आणि इथूनच निवृत्त होईन. मध्यंतरी सरांचा फोन आला, व्हिडिओतला तो सुरुवातीचा भाग कापून टाकू का म्हणून. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरच सांगू लागले, ती पोरगी ऐकत नाही, म्हणते राहू द्या, कोनी इचारते तरी.

म्हणून तो तसाच आहे. सकाळी इथली घंटा झाली की मी पोरांना विचारते, काय खाऊन आलात. त्याच वेळी तिकडेही मी विचारत असते. ती पोरगी काहीतरी सांगत असते, आणि मला इथे ऐकू येत नाही.