एकविसावा दगड

भूत, आत्मा, संकेत... असल्या मजकुराचे कागद वीस वर्षं मी वाचून बाजूला टाकत आले. बातमीदार होते, विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते.

ठिकाण — रिसोड. माझ्या शेजारच्या मिलिंदची पुढची खोली. मिलिंद शाळेत विज्ञान शिकवतो. समुद्र बघायचा तर इथून रात्रभराचा प्रवास, आणि यानं फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून घरात समुद्री माशांची टाकी थाटली. चार फूट लांब, दीड फूट रुंद.

ही त्याची दुसरी टाकी. पहिल्या टाकीत त्यानं आधी वाळू पसरली, तिच्यावर दगड रचले. माशांनी वाळू उकरली, दगड घसरले, काच तडकली. त्याचे वडील विहिरी बांधायचे — सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड. वाळूवर पाया ठेवू नको, मी रचून देतो, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मिलिंद म्हणाला होता, "ही विहीर नाही, बाबा."

काच तडकली त्या दिवशी ते फडकं घेऊन आले. खाली सांडलेलं पाणी पुसायला लागले. दोन महिन्यांनी गेले.

"एक डाव रचू देलं असतं तर काय गेलं असतं माझं?" हे तो मला एकदाच म्हणाला. दुसरी टाकी त्यानंतर आली.

यावेळी मुंबईहून कुरियरनं कोरडे, सच्छिद्र दगड मागवले. एकवीस. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून फरशीवर ठेवला. आधी बाहेर रचून पाहायचं, जमलं की तसंच आत. काच पुसायला चारी बाजूंनी चार इंच जागा, मधोमध माशांना जायला कमान. तीन रविवार ती कमान पडत होती. त्याची बायको सुजाता म्हणाली, "शाळेत पोरायले गुरुत्वाकर्षण शिकवता, अन् घरी दर रविवारी सिद्ध करून राह्यले."

गोंद लाव, मी सुचवलं. तो म्हणाला, "बाबानं कधी गोंद लावला का, ताई?"

चौथ्या रविवारी मी फोटो काढत होते. पहिला दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा — पुठ्ठ्यावर एकवीस दगड, ढासळलेले. सुजातानं जेवायला बोलावलं. मांजर शिरतं म्हणून खोलीला बाहेरून कडी घातली. स्वयंपाकघरात मी बसले होते तिथून ती कडी दिसत होती. आम्ही तिघंही जेवण होईपर्यंत उठलो नाही. घरात चौथं कुणी नव्हतं. खिडकीला जाळी; ती आणि रस्त्याकडचं दार, दोन्ही आतून बंद.

दुसरा फोटो एक सेहेचाळीसचा. कमान उभी.

वरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर, सांध्यावर सांधा कुठेच नाही. पडापडीत उडालेल्या बारीक कपच्या मागून ठोकलेल्या. मिलिंदनं पुठ्ठा हलवून पाहिला, काही सरकलं नाही. मी टेपनं मोजलं — चारी बाजूंनी चार इंच.

कमानीत दगड वीस. एकविसावा दोन हात अंतरावर, भिंतीजवळ, सपाट बाजू वर.

मिलिंद खाली बसला. मग सुजातानंच सांगितलं. विहीर पुरी झाली की मामंजी एक दगड बाजूला काढत. त्याच्यावर बसून, कामाकडे बघत चहा घेत.

"ताई, तुमी मधात उठल्या होत्या का?" मिलिंदनं विचारलं. मीही त्याला तेच विचारलं. उत्तर दोघांना माहीत होतं. तरी अजून मला वाटतं त्यानं केलं असावं, त्याला वाटतं मी... तसं असतं तर बरं झालं असतं.

दगडांवर पेन्सिलीनं आकडे घालून, एकेक थर सोडवून त्यानं तेच टाकीत रचलं. थेट तळाच्या काचेवर, वाळू नंतर. पहिल्याच खेपेला उभं राहिलं. आठ महिने झाले.

उजवीकडे जागा आहे, एकविसावा तिथं ठेव, मी म्हटलं होतं. "राहू द्या," एवढंच तो बोलला.

ते दोन फोटो मी अजूनही मोठे करून बघते. काय, कुठे, केव्हा — सगळं आहे. ‘कोणी’पुढे मला काही लिहिता येत नाही.

तो दगड अजून तिथंच, टाकीसमोर फरशीवर आहे. सुजाता झाडताना तो उचलत नाही. भोवतीनं झाडते — कुणी बसलेलं असलं की झाडतात तसं.